नुमान नेमकं काय म्हणाला

आयवालिक, १९ मार्च १९६७

माझ्या जावयाला, नुमानला,

हे पत्र तुझ्या गमबुटांसाठी आहे. दाराशी तसेच पडलेत. तिकडे लीड्सला सारखा पाऊस असतो असं तूच सांगायचास, तेव्हा पाठवू की ठेवू एवढंच कळव. दुसरं काही कारण नाही.

पण कागद घेतलाच आहे तर आणखी थोडं लिहितो. सावकाश वाच, शब्दकोश जवळ ठेव.

तू गेलास त्या सकाळी तुझ्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की तुला काहीच कळलेलं नाही. हालाने तुझी बॅग जिन्यात का आणून ठेवली, बेल्कीसच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून ती पहाऱ्याला का बसली, हे तुला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं, बायको आहे, बेल्कीस सांगेल. ती म्हणाली, "मी का सांगू? माझ्या बोलण्यावर तो काय म्हणाला ते ऐकलंत ना, बाबा?" मी कुठे ऐकलं होतं? मी खाली साबणाच्या कढईपाशी होतो. म्हणून सगळ्यांकडून गोळा करून सांगतो.

तुझ्या कंपनीचं बोलावणं आलं. तू बेल्कीसला म्हणालास, चल, आपण इंग्लंडला जाऊ. ती म्हणाली, मी गेले तर बाबा खचतील, फार दिवस काढायचे नाहीत. इथपर्यंत बरोबर? मग तू आवाज चढवून इंग्रजीत काहीतरी बोललास. आणि नेमकी त्याच वेळी माझी थोरली बहीण मुनिरे, बेल्कीसची आत्या म्हणून तुमची हाला, कॉफीचा ट्रे घेऊन दाराशी आली. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. उजव्याने तिला हवं ते ऐकू येतं. तिने ऐकलं ते असं: "बोश ओल, बोश ओल, बोश!"

नुमान, तू तीन वर्षं आमच्यात राहिलास. बाजारात घासाघीस करायला शिकलास, कॉफीहाऊसात शिव्या द्यायला शिकलास. पण हे तुला कोणी शिकवलं नसणार, असलं कोणी जावयाला शिकवत नाही. आमच्या तुर्कीत बोश म्हणजे रिकामं. रिकामा डबा, रिकामी खुर्ची. ओल म्हणजे हो. "बोश ओल" म्हणजे रिकामी हो, मोकळी हो. आमच्या आजोबांच्या काळी नवऱ्याने बायकोला एवढं म्हटलं की संसार संपला. आता कायदा आहे, कोर्ट आहे, लग्नाचा सरकारी दाखला आहे, त्यांच्या दप्तरी या शब्दाला काही किंमत नाही. पण हालाच्या दप्तरी आहे. ट्रे तिच्या हातून सुटला, आईच्या वेळचे कप गेले, आणि कप जमिनीवर पोचायच्या आत तू तिच्या लेखी परका पुरुष झालास.

बेल्कीस मजेत आहे. शाळेत शिकवायला जाते, येते. पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत असते, पण ते ऊन खायला. मीही मजेत. संध्याकाळी तावल्याचा पट काढतो, सोंगट्या लावतो, परत डब्यात भरतो. एकदा न्हावी शेकीपशी खेळलो. तो फासे टाकण्याआधी त्यांच्यावर फुंकर मारतो. मला ते आवडत नाही. तू कसा गुपचूप हरायचास.

परवा कुर्बान बायरामचा सण. रुसलेली माणसं बायरामला एकमेकांच्या दारी जातात. तू दूर आहेस, तेव्हा मीच तुझ्या दारी आलो असं समज.

इंग्रजीत नेमकं काय म्हणालास ते कळव. गमबुटांचंही कळव.

तुझे डोळे चुंबतो.
तुझा सासरा, रागिप


आयवालिक, २९ एप्रिल

नुमान,

तुझं पत्र पोचलं. गमबूट ठेवून घ्या असं लिहिलंस, ते बरं केलंस. ज्याचे बूट दाराशी तो माणूस कायमचा गेला असं म्हणता येत नाही.

तर तू म्हणालास, "बॉश! ऑल बॉश, ऑल बॉश!" म्हणजे, "काहीतरीच! सगळं काहीतरीच!" मी कारखान्यात एकटा असताना हे मोठ्याने म्हणून पाहिलं. नीट म्हटलं, भरभर म्हटलं, चिडून म्हटलं. कसंही म्हटलं तरी "बोश ओल, बोश ओल" असंच निघतं. पोत्यावर बसलेली मांजर उठून निघून गेली. तिला मी सोडलं असं वाटलं की काय कोण जाणे.

मी धावत वर गेलो. म्हटलं, सुटलो! बेल्कीस इंग्रजीची शिक्षिका, तिला हा शब्द ठाऊक असणारच. ठाऊक होताच. इतके दिवस तोंड का शिवून बसलीस म्हटलं तर म्हणते, "अर्थ ठाऊक आहे म्हणूनच बसलेय. मी जीव तोडून सांगत होते, आणि तो म्हणतो काहीतरीच!" मग माझ्यासाठी म्हणून ती हालाकडे गेली.

"हाला, तो इंग्रजी शब्द आहे. वेडगळ बोलणं, असा अर्थ होतो त्याचा."

"तू त्याच्या बाजूची. तुझी साक्ष चालायची नाही."

"मी त्याच्या बाजूची? मी तर त्याच्यावर चिडलेय!"

"मग? बाजूची नसतीस तर चिडली असतीस कशाला? मी शेकीप न्हाव्यावर चिडते का?"

शेवटी हालाने निकाल दिला: छापलेलं दाखवा. इंग्रजांच्या स्वतःच्या कोशात असेल तर मानीन. बेल्कीसच्या शाळेतल्या छोट्या कोशात तो शब्दच नाही. तेव्हा तिकडच्या एखाद्या जाडजूड कोशातलं पान मिळव आणि पाठव.

आता दुसरं. हिरवे आलुबुखार बाजारात आलेत. गेल्या वर्षी बेल्कीसने एक चावला तरी दात आंबायचे. यंदा ती मीठ लावून बशीच्या बशी संपवतेय. कॉफीचा वास तिला सोसत नाही, आम्ही कॉफी गच्चीवर जाऊन पितो. दुपारी शाळेत खुर्चीतच तिचा डोळा लागतो. निळा झगा तिने शेजारच्या शिंपिणीकडून कमरेत सैल करून घेतला.

मी काही म्हणत नाही. एक गोष्ट तुला लिहायची नाही असं तिने मला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावलं आहे, आणि ती मी लिहीत नाही. मी फक्त आलुबुखारांबद्दल लिहितोय. तू इंजिनियर आहेस. तेलगिरणीतल्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून आत काय चाललंय ते सांगायचास. मग ऐक जरा कान देऊन.

तुझे डोळे चुंबतो.
रागिप


आयवालिक, २६ मे

बेकिंग सोडा, नुमान?

बेकिंग सोडा!

मी इतकं फिरवून फिरवून लिहिलं, तू शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावलीस, आणि त्यातून तुझ्या डोक्यात उजेड काय पडला, तर आंबट खाऊन पोटात जळजळ होते. वर पुडकं पाठवलंस. बेल्कीसने ते बराच वेळ हातात धरलं, मग फडताळात अगदी वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "इंजिनियर." एवढंच. पण पुडकं फेकलं नाही, हे मी पाहिलं.

आता कोशाच्या पानाचं ऐक. तू चांगल्या मनाने पाठवलंस, तुला दोष देत नाही. पण त्यापेक्षा बॉम्ब पाठवला असतास तर आवाज कमी झाला असता.

हाला चष्मा लावून बसली. मी शेजारी. बेल्कीसने वाचलं, "बॉश: मूर्खपणाचं, पोकळ बोलणं." हालाने मान हलवली. मी मनात म्हटलं, उद्याच नुमानला तार करतो. तिथेच पान मिटायचं की नाही? पण शिक्षिका ना! खालची बारीक ओळसुद्धा वाचायलाच हवी होती. वाचली, आणि वाचता वाचता तिचाच आवाज बारीक झाला.

"काय म्हणालीस?" हालाने उजवा कान पुढे केला.

"तुर्की 'बोश' यावरून. अर्थ, रिकामा."

"परत वाच."

"तुर्की 'बोश' यावरून."

"म्हणजे शब्द आपला."

"हो, हाला, पण तो तिकडे जाऊन शंभरावर वर्षं झाली. एका इंग्रजाने आपल्याकडच्या गोष्टी रंगवून लिहिल्या, त्यात हा शब्द घातला. तिकडच्या लोकांना गंमत वाटली, सगळे म्हणायला लागले. आता त्यांना ठाऊकही नाही की तो आपला आहे."

"कधी गेला ते मी विचारलं नाही. कोणाचा ते विचारलं. माझी बांगडी कोणी इंग्लंडला नेली आणि तिथे कुत्र्याच्या गळ्यात घातली, तरी बांगडी माझीच."

"पण तिचा पट्टा झाला ना, हाला!"

"पट्टा झाला असेल तिकडे. इथे आली की बांगडी."

नुमान, तुम्ही इंग्रजांनी जगात काय काय नेलं त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण निदान बायकोशी भांडायला तरी घरचे शब्द वापरायचे होते!

मग मी हालाला घेऊन मशिदीतल्या ताहसिन होजांकडे गेलो. तुमचा निकाह यांनीच लावला, नॉर्मनचा नुमानही यांनीच केला, तेव्हा गुंता सोडवायचा तर यांनीच. होजा बागेत मधमाश्यांच्या पेट्या उघडून उभे होते, तोंडावर जाळी. मी हकिकत सांगितली, पानही दाखवलं. जाळीच्या आत ते इतके हसले की माश्या उठल्या आणि मला एक चावलीसुद्धा. हाला मात्र छत्री टेकून सरळ उभी.

"मुनिरे हानिम," होजा म्हणाले, "दूधवाला आला की त्याच्यापुढे बाटली धरून काय म्हणता?"

"बोश म्हणते. रिकामी आहे, भर."

"मग बाटलीला घटस्फोट मिळाला का?"

"होजा, बाटलीशी माझं लग्न झालेलं नाही."

होजांनी जाळी काढली, दाढी खाजवली. मग ते बाकावर बसले, हालालाही बसवलं आणि हळू आवाजात बोलले, तरी तिला ऐकू आलं. "शब्द आपला आहे, हे खरं. पण त्यात काय भरून पाठवलं ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक. मी इथे बसून त्याच्या मनातलं कसं सांगू? तुम्ही तरी कसं सांगाल? त्यालाच विचारा. त्याने तुर्कीत, कोणाची मदत न घेता, त्या दिवशी मनात काय होतं ते लिहावं. वाचून मी सांगतो."

घरी येऊन बेल्कीसला सांगितलं. मला वाटलं होतं, उसळेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विचारा. मलाही ऐकायचंय."

तेव्हा लिही. आणि कृपा करून त्यात यंत्रांचं काही लिहू नकोस.

माझी तब्येत ठणठणीत आहे. जिना चढताना मध्ये थांबतो, ते समुद्र बघायला.

रागिप


आयवालिक, ९ जुलै

पोरा नुमान,

तुझं पत्र आलं. पाकीट न फोडता होजांकडे नेलं, कारण हालाची तशी अट होती. यावेळी होजाच आमच्याकडे आले. खालच्या दिवाणखान्यात सगळे बसलो. हाला मध्ये, उजवा कान होजांकडे. बेल्कीस दाराच्या चौकटीला टेकून, म्हणजे आपण ऐकतोय असंही नाही आणि ऐकत नाही असंही नाही. होजांनी चष्मा पुसला आणि तू लिहिलंस तसंच्या तसं वाचलं, एक चूकही न सुधारता:

"मी बायको रिकामी हो नाही म्हटलं. मी बायकोची भीती रिकामी आहे म्हटलं. ते चूक. भीती रिकामी नव्हता. भीतीत बाबा होता. मी आत बघितला नाही. आता मी आईच्या घरात. आई बरी, जेवण बरी, पाऊस फार. संध्याकाळी तावला नाही, संध्याकाळ रिकामी. सकाळी हाला ओरडत नाही, सकाळ रिकामी. बेल्कीस नाही. बाकी शब्द मला येत नाही."

होजा थांबले. मागच्या पानावर काही आहे का ते त्यांनी उलटून पाहिलं. नव्हतं.

मग होजांनी कागदाची घडी घातली. "मुनिरे हानिम, या माणसाने कोणाला सोडलेलं नाही. याला तर सोडवतच नाहीये. निकाह आहे तसा आहे. घटस्फोट झालेला नाही, आणि यापुढे या घरात मला या विषयावर कोणी बोलावू नये."

हाला म्हणाली, "व्याकरण फार वाईट आहे." आणि नाक शिंकरत स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचे आवाज आले. त्या दिवशी तिने चार माणसांसाठी इतका पुलाव केला की आम्ही शेजारपाजारी वाटला.

बेल्कीस पुढे आली, होजांपुढे हात केला आणि म्हणाली, "ते माझं आहे." पत्र घेऊन वर गेली. जेवायला उशिरा आली, डोळे लाल. पण पोटभर जेवली.

तुला वाटेल, मग ती लिहीत का नाही. मीही तेच विचारलं. ती म्हणते, "बाबा, त्याला यायचं तर तो माझ्यासाठी येऊ दे. दुसऱ्या कशासाठी नको. म्हणून तुम्हाला शपथ घातली." आता ते दुसरं काय, ते मी लिहू शकत नाही, भाकरीवर हात ठेवलाय. आलुबुखारांचा हंगामही संपला, त्यामुळे त्यांच्याबद्दलही लिहू शकत नाही. सध्या ती कलिंगड खाते.

मला तुला माझ्याकडून एक सांगायचंय. तू आलास की तिला घेऊन जा. आत्ता नाही म्हणत, पण योग्य वेळ आली की ने. माझ्यामुळे ती इथे अडकून पडावी असं मला वाटत नाही. मी खचणार नाही. आणि खचलोच, तर ती इथे राहून काय करणार आहे, मला दोन्ही हातांनी धरून उभं करणार? मुलीला मी इझमीरला ठेवून इंग्रजी शिकवलं, ते काय साबणाच्या वड्यांशी बोलायला? जगात कुठेतरी जाऊन बोलायलाच ना? ती मला सोडून जाईल याची मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण ती माझी भीती आहे, मी सांभाळीन. तिच्या गळ्यात कशाला?

बरं, थांबतो. हाला शेजारी उभी आहे. तिलाही तुला काही लिहायचंय म्हणे. मी खोलीबाहेर जावं असा हुकूम आहे. सांभाळून वाच. देशात अरबी लिपी जाऊन नवी रोमन लिपी आली तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. रागारागाने शिकली आणि अजून रागातच लिहिते.

तुझे डोळे चुंबतो.
रागिप

नुमान. मी मुनिरे. रागिप भित्रा आहे, शपथ पाळत बसतो. मी शपथ घेतलेली नाही. मला कोणी घातलीच नाही, कारण मला ऐकू येत नाही असा या घराचा समज आहे. बेल्कीसला दिवस गेलेत. ऑक्टोबरात बाळंत होईल. आलुबुखार पोटात जळजळतं म्हणून कोणी खातं का रे गाढवा? लगेच निघ. तिच्याशी खोटं बोलू नकोस, हालाने कळवलं म्हणून सरळ सांग. पण ते वाईट व्याकरणाचं पत्र तू हे कळायच्या आधी लिहिलंस, याला मी साक्षीदार. माझी साक्ष चालते. येताना पांढरी लोकर आण, मऊ. इथली टोचते.


आयवालिक, ७ ऑगस्ट

आदरणीय ईडिथ हानिम,

आपली भेट नाही. मी रागिप, साबण करतो. तुमच्या नॉर्मनचा सासरा. आमच्याकडे तो नुमान आहे, याबद्दल राग नसावा. मी तुर्कीत सांगतोय आणि माझी मुलगी बेल्कीस तुमच्या भाषेत लिहितेय. एकही शब्द गाळायचा नाही, असं तिला बजावलं आहे.

तुमचा मुलगा सुखरूप पोचला. तो स्वतः तुम्हाला लिहील, पण मी त्याची पत्रं वाचली आहेत. तो लिहील, "पोचलो, ऊन आहे." तेव्हा खरं काय झालं ते मी सांगतो.

इझमीरची बस भर दुपारी आली. आम्ही सगळे गेलो होतो. माझी बहीण मुनिरे या उन्हात लांब कोट घालून, छत्री उघडून सगळ्यात पुढे उभी. तिचं आणि नुमानचं एका शब्दावरून बिनसलं होतं. तो त्याने तुम्हाला सांगितलाच असेल. नसेल सांगितला तर विचारा, हसाल. तो उतरला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात लोकरीचं एवढं मोठं गाठोडं. सरळ मुनिरेपुढे जाऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. सगळ्या प्रवासात त्याने एक लांबलचक वाक्य पाठ केलं होतं, माफीचं. "मुनिरे हानिम, त्या दिवशी माझ्या तोंडून, माझ्या अडाणीपणामुळे, तुमच्या घराला, तुमच्या मनाला..." आमच्या भाषेत क्रियापद अगदी शेवटी येतं, आणि बिचारा तिथवर पोचेचना. परत पहिल्यापासून सुरुवात केली. परत तिथेच अडला. घामाने निथळत होता. बसमधले लोक खिडक्यांतून बघत होते. कंडक्टर हळूच एकेक क्रियापद सुचवायला लागला.

मुनिरेने थोडं ऐकून घेतलं. मग हात झटकून म्हणाली, "बोश वेर, पोरा."

हानिम, हे आम्ही दिवसभर म्हणत असतो. शब्दाला शब्द लावला तर "रिकामं दे". अर्थ, जाऊ दे, सोड, मनाला लावून घेऊ नकोस. दूध नासलं, बोश वेर. बस चुकली, बोश वेर. पण ज्या शब्दावरून आमच्या घरात पाच महिने रणकंदन झालं, तोच शब्द तिच्याच तोंडून, बसस्टँडवर, साऱ्या गावासमोर! नुमान तोंड उघडं ठेवून तसाच.

आणि मागे सावलीत उभी असलेली बेल्कीस हसायला लागली. पोट धरून, भिंतीला हात लावून हसली. मार्चपासून ती अशी हसली नव्हती. मग मी हसलो, मग नुमान, मग कंडक्टरही हसला, त्याला काही ठाऊक नसताना.

"हसायला काय झालं?" मुनिरे चारी बाजूंना बघत होती. मग तिच्याही ध्यानात आलं. छत्री सावरून म्हणाली, "माझं चालतं. मी कोणाचा नवरा नाही." आणि लोकरीचं गाठोडं त्याच्या हातून काढून घेऊन, बोटांनी दाबून बघत घराकडे चालायला लागली.

नुमान बेल्कीसजवळ गेला. मी दुसरीकडे बघत होतो, पण माझे कान चांगले आहेत.

"हालाने लिहिलं म्हणून आलास?" तिने विचारलं.

"तिचं पत्र आलं तेव्हा मी बॅग भरत होतो. तिकीट आधीच काढलं होतं. आईला विचार."

तेव्हा विचारतो, हानिम. खरं का ते? मला स्वतःला काही शंका नाही. बेल्कीस म्हणते तिलाही नाही, पण विचारायला काय हरकत आहे असंही तीच म्हणते.

मूल ऑक्टोबरात होईल. हिवाळा ते दोघं इथेच काढतील. तोवर तेलगिरणीत नुमानला काम आहे, यंत्रं त्याची वाटच बघत होती. वसंतात ऊन पडलं की तिघंही तुमच्याकडे येतील, राहायला. हे मीच ठरवलं आणि मीच सांगितलं. बेल्कीस रडली, मग भांडली, मग तुमच्याकडे शाळा कशा असतात ते नुमानला विचारत बसली. मुनिरे सध्या विणतेय. जे विणतेय ते मोजा आहे की टोपी हे अजून ठरलेलं नाही.

बेल्कीसला थंडी सोसत नाही, तेवढं बघा. सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नाही. चिडली की गप्प बसते. तेव्हा तिला बोलतं करू नका, शेजारी जाऊन नुसतं बसा, आपोआप बोलते. वाद घालताना तिचं ऐकून घ्या. तुमचा मुलगा ते आता शिकला आहे. आणि उन्हाळ्यात तुम्हीच इकडे या. समुद्र आहे, मासे आहेत, तावला मी शिकवीन.

माझी काळजी करायचं कारण नाही, असं तुम्ही तिला तिकडे अधूनमधून सांगत जा. घर मोठं आहे, बहीण आहे, कामाला माणसं आहेत. ती गेली तरी मला अजिबात चुकल्यासारखं होणार नाही.

तुमचा, रागिप

ईडिथ आई, बाबांनी सांगितलं तसं सगळं लिहिलं आहे, एकही शब्द गाळला नाही. शेवटची ओळ मात्र खरी धरू नका. ती सांगताना ते माझ्याकडे पाठ करून खिडकीशी गेले आणि अजून तिथेच आहेत. डोळे पुसताहेत. विचारलं तर म्हणतात, कढईची वाफ लागली. ऑगस्टात आम्ही कढई पेटवत नाही.

तुमची, बेल्कीस